सोडली, साहेब

खोटं वाटेल, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. रात्रसुद्धा नव्हती. शनिवारची भरदुपार होती. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरचा हॉल डॉक्टरांनी भरलेला होता.

पेशंटची सिगारेट सुटावी म्हणून त्याच्याशी कसं बोलावं, हे मी डॉक्टरांना शिकवते. रागवायचं नाही. लाजवायचं नाही. सरावासाठी दर वेळी एक नवा नट पेशंट बनून येतो.

त्या दिवशी तो आधीच येऊन बसला होता. गालफडं बसलेली, ओठ निळे.

मेकअप झकास जमलाय, असं मला वाटलं...

पहिले उठले छातीचे मोठे डॉक्टर. हुशार माणूस, पण जिभेला हाड नाही. पेशंटला चारचौघांत सोलून काढायचे.

"काय रे धुराड्या, किती ओढतोस?"

हॉल हसला.

"सोडली, साहेब."

"अरे वा! कधी?"

"गेलो तेव्हा."

पुन्हा हशा.

मला हसू आलं नाही. त्याची छाती... हलत नव्हती.

"तुम्हीच म्हणालात ना, सोडल्याशिवाय तोंड दाखवू नकोस?" तो म्हणाला. "पाया पडलो तुमच्या. एकट्याला जमत नाही, मदत करा म्हणालो. हाकललंत."

डॉक्टरांना वाटलं, नाटकच चाललंय.

"तुझ्यासारखे छप्पन्न येतात. मेलास तर मर!"

तो उठला. डॉक्टरांच्या तोंडाजवळ तोंड नेलं... आणि श्वास आत ओढला.

लांब. पोटभर.

मग शांतपणे दार लोटून निघून गेला.

लगेच तेच दार उघडलं. नट धापा टाकत आत आला. "सॉरी मॅडम, गाडी बंद पडली."

सगळ्यांच्या नजरा रिकाम्या खुर्चीकडे वळल्या.

मागच्या रांगेतून वॉर्डातली सिस्टर कशीबशी म्हणाली, "तो... आपल्याच वॉर्डात होता. हिवाळ्यात गेला. त्याच्या तोंडावर चादर मी घातली होती."

"काहीतरीच काय!" डॉक्टर हसायला गेले.

हसताना त्यांच्या तोंडातून धूर आला.

या माणसानं जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता.

महिन्याभरानं त्यांच्या बायकोनं मला घरी बोलावलं. "तुम्ही लोकांची सोडवता ना? यांची सोडवा."

डॉक्टर पलंगावर होते. प्रत्येक श्वासाला धूर.

"घरात काडेपेटीसुद्धा नाही हो," वहिनी रडत म्हणाल्या.

मी शेजारी बसले. शिकवते तसंच, हळू आवाजात विचारलं, "सोडायची इच्छा आहे ना?"

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मी काय सोडणार? मी ओढतच नाही... तोच मला ओढतोय."

मला आधी कळलं नाही. मग वहिनींनी पायावरची चादर उचलली.

बोटं नव्हती. तिथे राख होती. मऊ, पांढरी... अजून कोमट.

सगळ्या तपासण्या झाल्या. कुणालाच काही कळलं नाही.

काल वहिनींचा फोन आला. "गुडघ्यापर्यंत आलंय," एवढंच म्हणाल्या.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात...

पलीकडे कुणीतरी सावकाश झुरका घेतला...

आणि डॉक्टर किंचाळले.