सत्तावीस नंबरचा वेल

“तुला सर्दी झालीय,” वकील म्हणाला.

“सर्दी झाली की वास जातो. मला तर वास येतोय!” मिरी म्हणाली.

“मग भास झालाय.”

वकील म्हणजे तिचा मामेभाऊ. वय बारा, काळा कोट नाही, पण “पुरावा काय?” विचारल्याशिवाय घास गिळत नसे. त्याच्या मागे उभी होती त्याची सहा वर्षांची बहीण. ती कुणाच्याही मागे मागे असायची, म्हणून तिला सगळे शेपूट म्हणत. आणि मिरीला मिरी का म्हणायचे, हे तिच्याशी एकदा भांडलं की कुणालाही कळायचं.

तिघं मामाच्या रोपवाटिकेतल्या पांढऱ्या फुलांच्या शेडमध्ये उभी होती. बाराही महिने पांढरी फुलं देणारे, वाटाण्याच्या जातीचे वेल तारांवर चढलेले, सहाशेच्या वर. फुलं देखणी, पण त्यांना वास म्हणाल तर पाण्याइतका. हे अख्ख्या रोपवाटिकेला ठाऊक होतं. वास होता तो जांभळ्या फुलांना, आणि जांभळी शेड मामानं मागच्या वर्षी काढून टाकली होती. जांभळं कुणी घेत नाही म्हणाला. ते खरं होतं. पण त्या शेडमध्ये त्याची बहीण काम करायची आणि ती गेल्यावर त्याला तिथे पाऊल टाकवत नव्हतं, हेही खरं होतं.

ती बहीण म्हणजे मिरीची आई.

आई सुट्टीत घरी यायची तेव्हा तिच्या शर्टाच्या बाह्यांना त्या जांभळ्या फुलांचा वास असायचा. गोड, थोडा लिंबासारखा, मध्येच ओल्या मातीचा. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आईचा तो खाकी शर्ट मिरी अजून घालत होती, बाह्या चार घड्या वर दुमडून. पण धुऊन धुऊन त्यातला वास कधीच गेला होता. कधी कधी तर तिला भीती वाटायची, की आपण वास विसरलोच की काय. चेहरा फोटोत राहतो, आवाज फोनमध्ये राहतो. वास कशात ठेवायचा?

आणि आज दुपारी या बिनवासाच्या शेडमध्ये तो तिला आला होता. एकदाच, वाऱ्याच्या झुळकीबरोबर. लगेच गेला.

“मामाला सांगू या,” शेपूट म्हणाली. तिचा तो बाबा, पण मिरी म्हणेल ते ती म्हणायची.

सांगून झालं होतं. मामानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, “बाळा, त्या फुलांना वास नसतो.” मग पाठ फिरवून म्हणाला, “आणि उद्या सकाळी ट्रॅक्टर येतोय. वेल उपटून खताच्या खड्ड्यात. शेड रिकामी करायचीय.”

म्हणजे हातात एक संध्याकाळ आणि एक सकाळ.

“ठीक आहे,” वकील म्हणाला. “भास नाही असं धरून चालू. सहाशे वेल सारखे असतील तर एकालाच वास का येईल? म्हणजे सगळे सारखे नाहीत. शोधा, वेगळं काय आहे ते.”

वेगळं काय ते मिरीनंच शोधलं. सगळे वेल तिच्या डोक्याच्या वर गेले होते. पण अधूनमधून एखादा तिच्या खांद्यापर्यंतच आलेला होता आणि तो सुतळीऐवजी निळ्या दोरीनं बांधलेला होता. मोजून त्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या बांधल्या, तर असे बुटके वेल भरले एकेचाळीस.

मुकादमकाका दारात विळा घासत बसले होते.

“ते होय? नांग्या भरल्यात,” ते म्हणाले. “रोप मेलं की जागा रिकामी राहते, ती नांगी. रिकाम्या जागा मालकांना दिसल्या की माझं काही खरं नाही. म्हणून मागाहून दुसरी रोपं लावली.”

“कुठली दुसरी रोपं?” वकिलानं विचारलं.

मुकादमकाकांना एकदम पाण्याचा नळ चालू राहिल्याची आठवण झाली. ते उठले आणि गेले. नळ दुसऱ्याच बाजूला होता.

“चोराच्या मनात चांदणं,” वकील पुटपुटला.

“डब्यातल्या बियांची रोपं,” शेपूट म्हणाली. “बिया काकांनी पेरल्या आणि रिकामा डबा मला दिला. बटणं ठेवायला.”

दोघंही गर्रकन तिच्याकडे वळले. इतके दिवस तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

डबा आला. गोल, पत्र्याचा, बटणांनी खुळखुळणारा. वरच्या कागदावरचं अक्षर बघितलं आणि मिरीनं डबा ओढूनच घेतला. ‘र’चा पाय लांब ओढण्याची ती सवय तिच्या ओळखीची होती. आईनं लिहिलं होतं: ‘जांभळा वासाचा आणि पांढरा यांचा संकर. त्यावर पुन्हा पांढरा.’ झाकणाच्या आतल्या बाजूला आणखी बारीक अक्षरात: ‘खोडाचा बुडखा लाल, ते जांभळ्या फुलांचे होणार, काढणे. हिरव्या बुडख्याच्यांत शंभराला पाच वासाचे निघावेत. एक तरी निघू दे.’

“म्हणजे काय?” वकील म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात उलटतपासणी नव्हती.

मिरी मातीत मांडी घालून बसली. आईनं हे तिला एकदा शिकवलं होतं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. तिनं निळ्या दोरीचे दोन तुकडे घेतले. एका दोरीत जांभळं बटण ओवलं आणि त्याला जवळजवळ चिकटून एक मोठं पितळी. दुसरीत पांढरं बटण आणि त्याच्याजवळ एक बारकंसं काळं.

“प्रत्येक जिवाच्या आत असे दोरे असतात. जोडीजोडीनं. जोडीतला एक आईकडून येतो, एक बाबांकडून. दोऱ्यावर गुण ओवलेले असतात. पितळी बटण म्हणजे वास, काळं म्हणजे वास नाही. पितळी जांभळ्याच्या दोऱ्यावर आहे. म्हणून जांभळं फूल आलं की वास येतो, आणि पांढरं आलं की नाही. जोडीनं ओवलेत, तर जोडीनंच जाणार ना?”

“मग पांढऱ्याला वास कधीच येणार नाही,” वकील म्हणाला. “केस संपली.”

“थांब ना. पुढच्या पिढीला दोरा द्यायच्या आधी हे दोन दोरे शेजारी शेजारी येतात, एकाच ठिकाणी तुटतात, आणि तुकडे अदलाबदल होऊन परत जोडले जातात.” तिनं दोन्ही दोऱ्या बटणांच्या मधोमध कापल्या आणि उलटसुलट गाठी मारल्या. आता पांढऱ्या बटणाशेजारी पितळी बटण होतं. “बटणं लांब लांब असली तर हे खूपदा होतं. पण ही दोन अगदी जवळ आहेत. मधे कात्री लागायला जागाच नाही. म्हणून शंभरात पाचदा.”

शेपटीनं पांढऱ्या-पितळी दोरीवर बोट ठेवलं. “आत्याला हे हवं होतं?”

“हो,” मिरी म्हणाली. “सगळ्यांना पांढरं हवं असतं आणि वास तर जांभळ्यात अडकलेला. ती म्हणायची, जांभळं बंद झालं की हा वास जगातून जाईल. त्याला पांढऱ्याच्या दोऱ्यावर बसवायला हवं.” ती बटणं गोळा करू लागली. तिला आई हवी होती. आत्ता, इथे, मातीत बसलेली. ती मिळणार नव्हती, पण तिचं अर्धं राहिलेलं काम या एकेचाळीस वेलांत कुठेतरी उभं होतं आणि सकाळी त्यावर ट्रॅक्टर येणार होता.

“एकेचाळिसात दोन,” वकिलानं हिशेब केला.

“तसं छापून येत नाही. तीन असतील, एक असेल. एकही नसेल.”

“एक आहे. तुला वास आलाय ना?” वकील म्हणाला. मिरीला त्याला मिठी मारावीशी वाटली, पण तो बेत तिनं ताबडतोब रद्द केला.

फुलांना वास खरा सुटतो तो सकाळचं ऊन लागल्यावर. ट्रॅक्टर आठला यायचा होता. तो थांबवायचा कसा, हे वकिलाला जेवताना सुचलं. रोपवाटिकेचा एक नियम होता: शेडमध्ये औषध फवारलं की दारावर लाल पाटी लावायची, आणि लाल पाटी असेल तिथे दिवसभर कुणी आत जायचं नाही. पाटी कुणी लावली, हे विचारण्याचा मात्र नियम नव्हता.

सकाळी सातला पाटी दारावर होती. आठला ट्रॅक्टर आला.

“फवारणी झालेली दिसते,” ट्रॅक्टरवाला म्हणाला.

“मालकांनी सांगितली असेल,” मुकादमकाका म्हणाले.

“मुकादमांनी करून घेतली असेल,” मामा म्हणाला. “पण उपटायच्या वेलांवर कशाला? बरं, चहा तर घेऊ.”

तोवर तिघांनी एकेचाळीस वेलांचं एकेक फूल तोडून गोदामात आणलं होतं. प्रत्येक फूल वेगळ्या भांड्यात, भांड्याखाली वेलाचा नंबर, वर झाकण. घरातले सगळे ग्लास, सगळे कप, मुरांब्याच्या रिकाम्या बरण्या, मामाचा दाढीचा मग आणि कमी पडले म्हणून शेपटीच्या भातुकलीतले पाच पेले.

“आता मी भांड्यांची सरमिसळ करतो,” वकील म्हणाला. “कुठलं कुठे आहे ते तुला कळता कामा नये. तिघांनी एकेकट्यानं हुंगायचं आणि कागदावर लिहायचं. मिरे, रागावू नकोस. तुला आत्याची इतकी आठवण येते, की तुझं नाक तुला हवं ते सांगेल.”

मिरी रागावली नाही. तिला स्वतःलाच तीच भीती वाटत होती.

आधी शेपूट आत गेली. मग वकील. मग मिरी.

झाकण उचलायचं, हुंगायचं, ठेवायचं. दर वेळी मधे स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा, म्हणजे नाक ताजं होतं. हेही आईनंच सांगितलेलं. पाणी. पाणी. पाणी. बाही. दाढीच्या मगाला साबणाचा वास, तो धरायचा नाही. वीस झाले. तीस झाले. बाहीला कसलाच वास नव्हता. मिरीला वाटलं, नाहीच आहे. मीच वेडी.

मग तिनं भातुकलीतल्या एका निळ्या पेल्यावरची बशी उचलली आणि नाक आतच खुपसलं. लिंबू. ओली माती.

दाराबाहेर मामीचा आवाज येत होता. “घरात एक ग्लास नाही! ट्रॅक्टरवाल्याला चहा भांड्यातून दिला मी! कुठे आहेत ही कार्टी?” दार उघडलं. मामी, तिच्यामागे मामा, त्याच्यामागे मुकादमकाका, हातात लाल पाटी.

“शेडमध्ये औषधाचा थेंब नाही,” मामाचा आवाज चढला होता. “ही पाटी कुणी लावली?”

“मी,” वकील म्हणाला. “शिक्षा नंतर. आधी पुरावा.” त्यानं तीन कागद उलगडले. एकावर शेपटीनं पेल्याचं चित्र काढून निळं रंगवलं होतं, कारण तिला अजून नीट लिहिता येत नव्हतं. एकावर ‘निळा पेला’. तिसऱ्यावर मिरीच्या अक्षरात तेच. त्यानं पेला उचलून खालचा नंबर दाखवला. सत्तावीस.

मामानं पेला हातात घेतला आणि नाकाशी नेला. मग चष्मा काढला. या वेळी तो पुसायचा राहूनच गेला.

“हे पांढरं आहे,” तो म्हणाला. “पांढऱ्याला... कसा?”

मिरीनं डबा पुढे केला. मुकादमकाकांनी मान खाली घातली. “बी कमी पडलं होतं मालक. डब्यावर ‘पांढरा’ वाचलं आणि पेरलं. डबा ताईंच्या कपाटातला, आणि त्याला हात लावू नका म्हणाला होतात तुम्ही, म्हणून बोललो नाही. लाल बुडख्याची रोपं भेसळ समजून उपटून टाकली.”

“तिनंही तेच केलं असतं,” मामा झाकणावरचं वाचत म्हणाला. “न कळता का होईना, तिचं काम केलंत तुम्ही. आणि मी आज ते खड्ड्यात घालणार होतो.” त्यानं तिघांकडे बघितलं. “मी पंचवीस वर्षं फुलं विकतोय. पण हुंगून बघायची अक्कल तुम्हाला झाली, मला नाही. शाबास रे पोरांनो.”

“पाटीची शिक्षा?” वकिलानं विचारलं.

“एकेचाळीस भांडी घासायची,” मामी म्हणाली. पण ती म्हणताना डोळे पुसत होती.

ट्रॅक्टर रिकामा गेला. सत्तावीस नंबरच्या वेलाला मामानं स्वतः बांबू रोवला आणि त्याच्या शेंगा पिकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. मग त्यानं दोन वर्षं स्वतः न उघडलेलं आईचं कपाट उघडलं आणि तिची वही काढली. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: ‘पांढरं आणि वासाचं. अजून नाही.’

“लिही,” तो मिरीला म्हणाला.

तिनं खाली तारीख घातली आणि लिहिलं, ‘निघालं. सत्तावीस.’ ‘र’ या ओळीत नव्हता, नाहीतर त्याचा पाय तिनं लांब ओढला असता.

दुसऱ्या दिवशी बाबा तिला न्यायला आले. मिरीनं त्यांना काही सांगितलं नव्हतं. निळ्या पेल्यातलं ते फूल कोमेजलं होतं, तरी तिनं ते शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. बाबा फाटकातून आत आले, “काय मग, केली का मजा?” म्हणत खाली वाकले आणि त्यांनी तिला जवळ घेतलं.

आणि मध्येच थांबले.

बराच वेळ त्यांनी तिला सोडलं नाही. तिच्या खांद्यावर, त्या खाकी शर्टावर, नाक टेकवून ते उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “मिरे, हा वास... मला वाटलं होतं मी विसरलो.”

“मलापण,” मिरी म्हणाली.