मुकं गिराण

हिमानीला सातवा महिना होता आणि तिच्या नवऱ्याला गिराण, सूर्याचं खग्रास ग्रहण, बघायचं होतं. ते डॅलसमधून, घराच्या अंगणातूनही दिसणार होतं. पण नकुलला जंगलाची हौस. त्याने ओक्लाहोमाच्या कोपऱ्यातली एक लाकडी केबिन बुक केली. त्याच्या आईने, पद्मिनीबाईंनी, तोंड सोडून बघितलं. पोरगा ऐकेना, तेव्हा त्या स्वतःच गाडीत जाऊन बसल्या. हिमानीचं आधीचं एक पोट रिकामं झालं होतं. हे दुसरं त्या नजरेआड होऊ देणार नव्हत्या.

केबिनची मालकीण लोरीन, तिथल्या मूळच्या चॉक्टॉ आदिवासींतली म्हातारी. सकाळीच एक जुनं पातेलं आणि पळी घेऊन दारात उभी राहिली. नकुल तिचं बोलणं आईला सांगू लागला.

"आई, या म्हणतात, एक काळी खार सूर्य कुरतडते, म्हणून अंधार पडतो. मग बायकापोरांनी ओरडायचं, भांडी बडवायची, की ती पळते. क्यूट आहे ना?"

"तिला सांग, आमच्यात गिराणात पोटुशी बाई हूं की चूं करत नाही. आडवी पडते, सुरीला शिवत नाही, मनातल्या मनात देवाचं नाव घेते."

नकुलने सांगितलं. म्हातारी हसली नाही. तिने हिमानीच्या पोटाकडे बघितलं, मग छपराकडे. पातेलं उंबऱ्याशी ठेवून ती निघून गेली.

दुपारी पद्मिनीबाईंनी खिडक्यांवर चादरी लावल्या, सुनेला सरळ आडवं केलं, उशाशी तुळशीचं पान ठेवलं. नकुल काळा चष्मा लावून खाली रस्त्यावर गेला.

उजेड आधी पितळी झाला, मग राखेसारखा. पाखरं एकदम थांबली. फळ्यांच्या फटींतून गार हवा आत आली. तिला ओल्या मातीचा, खवट अक्रोडांचा वास होता. मग रस्त्यावर कालवा उठला... बायकांच्या आरोळ्या, डब्यांचा खडखडाट.

"आई, मी पण काहीतरी वाजवू? इथूनच..."

"गप पड म्हटलं ना!"

छपरावर काहीतरी धावलं. हलकी पावलं. थांबली. मग सुरू झालं... कुर्र... कुर्र... लाकूड कुरतडल्यासारखं. भिंतीतून ते खाली उतरलं, पलंगाखाली आलं, आणि तिथेच बंद झालं.

"आई..." हिमानीने पोट दाबून बघितलं. "बाळ हलत नाहीये."

पद्मिनीबाईंना लहानपणचं गाव आठवलं. तिथेही गिराण लागलं की माणसं गल्लीगल्लीतून ओरडत फिरायची, दे दान, सुटे गिराण! ते ओरडणंच होतं की! त्यांनी तोंड उघडलं. जिच्या आवाजाने अख्खी आळी चळचळा कापायची, त्या बाईच्या घशातून वाराही निघेना. चाचपडत त्या दारापर्यंत गेल्या, पातेलं उचललं, पळी हाणली.

पहिला ठोका पडला आणि त्याच क्षणी उजेड फुटला. रस्त्यावर टाळ्या पडल्या. खार सूर्य सोडून पळाली होती. कुठे, ते कुणी बघितलं नव्हतं.

"आई! हलतंय!" हिमानी रडत हसली.

पद्मिनीबाईंनी पोटावर हात ठेवला. लाथ नव्हती ती. आतून काहीतरी बारीक, भराभर चाललं होतं. दातांसारखं.

डॅलसला परतल्यावर डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल, ठोके छान. बरोबरच आहे. मशीन वाजत असली, माणसं बोलत असली की ते गप्पच असतं. घर शांत झालं की सुरू होतं. म्हणून पद्मिनीबाई आता दिवसभर थाळी बडवतात. शेजारी तक्रारी करतात.

काल संध्याकाळी नकुलने थाळी हिसकावून घेतली. "स्टॉप इट, आई! हिमानी झोपलीये ना!"

घर शांत झालं.

कुर्र... कुर्र...

नकुल सोफ्यावर झोपलेल्या बायकोच्या पोटाकडे बघत राहिला. मग त्याने थाळी आईच्या हातात परत दिली.

"वाजव," तो पुटपुटला.

पण त्यांनी हात उचलण्याआधीच, वर छपरातून, तसाच आवाज आला. हाकेला ओ दिल्यासारखा.