दुधातला कोळसा

योगिताची स्कूटी थांबली ती शेळ्यांमुळे. अंबाजोगाईच्या अलीकडे, ऐन वळणावर, अठ्ठावीस काळ्या शेळ्या रस्ता आपल्याच मालकीचा असल्यासारख्या उभ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध एक उंच तरुण निवांत ऊस खात होता.

"अहो, बाजूला घ्या ना यांना!"

"तुमीच सांगा. माझं ऐकत न्हाईत," तो म्हणाला आणि हसला.

हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. योगिताला ती दिसली, आणि आपल्याला ती दिसली याचाच राग आला. पण राग गिळावा लागला, कारण गेले चार दिवस ती शेळीच्या ताज्या दुधासाठीच वणवण फिरत होती.

"दूध मिळेल का? कच्चं हवंय. अजिबात न तापवलेलं. रोज सकाळी सातला, कॉलेजच्या गेटवर."

"कच्चं? पोट बिघडंल की, मॅडम."

"प्यायला नाही हो… मशीनमध्ये घालायला."

त्याने ऊस खाली धरला. "दूध देणारी लई बघितली. दूध पिणारी मशीन आजच ऐकली."

त्याचं नाव उत्तरेश्वर. बी.ए. करून दोन वर्षं पुण्याच्या एका कंपनीत काढली आणि मग तो सरळ आपल्या शेळ्यांकडे परत आला. का आलास म्हणून विचारलं, तर म्हणायचा, "तिथं कुणी हाक मारली की ओ द्यावी वाटायची न्हाई." योगिता आष्टीची. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात तिचं पीएच.डी.चं काम चाललं होतं.

दूध सुरू झालं. तो सातच्या ठोक्याला बर्फात ठेवलेला कॅन घेऊन गेटवर हजर. ही मात्र सव्वासातला, जांभया देत, केसांचा कसाबसा अंबाडा बांधत यायची. "मॅडम, माझ्या शेळ्या तुमच्या आधी उठत्यात," असं तो रोज ऐकवायचा. रोज तिला हसू यायचं आणि रोज ती ते दाबायची.

आठवडाभराने त्याने विचारलं, "ह्या दुधात तुमी बघता तरी काय?"

"आपल्या शरीरातल्या पेशी असतात ना, त्या बारीक बारीक पिशव्या बाहेर सोडतात. इतक्या बारीक की केसाच्या जाडीत पाचशे सहज मावतील. एक्सोसोम म्हणतात त्यांना. त्यात दुसऱ्या पेशीसाठी निरोप असतो. दुधातही असतात त्या." बोलता बोलता तिची झोप उडाली. "जखम भरायला त्यांची मदत होईल का, औषध त्यांच्यात भरून नेमकं हवं तिथे पोचवता येईल का, हे शोधतायत सगळे. अजून हाती औषध नाही आलं, पण…"

"पण?"

"माझ्या बाबांना शुगर आहे. पायाची जखम वर्षभर भरली नाही. दोन बोटं काढावी लागली." ती कॅनच्या झाकणाकडे बघत राहिली. "म्हणून मी हे धरून बसलेय."

त्याने कॅनभोवतीचा बर्फ नीट सारला. मग म्हणाला, "निरोप पोचला, हे कळतं कसं?"

"समोरची पेशी बदलते. तिचं वागणंच बदलतं."

"आन् न्हाई बदलली तर?"

"मग पोचला नाही, असं समजायचं."

"हं…" म्हणून तो निघाला. पण रस्ता ओलांडल्यावर वळून त्याने एकदा मागे बघितलं. तिनेही.

मग कॅनबरोबर कधी बोरं येऊ लागली, कधी हुरडा. संक्रांतीला तिने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. बोटं नको तितकी रेंगाळली… कुणाची, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. "गोड बोला," ती म्हणाली. "आजवर कडू कधी बोललो?" तो म्हणाला, आणि ती कानापर्यंत लाल झाली.

आणि नेमकं तिथून सगळं बिनसलं.

मशीनवरचे आकडे वेडेवाकडे यायला लागले. कणांची संख्या एकाएकी भरमसाट, आकार भलतेच, नळीच्या तळाशी करडी झाक. तिने भांडी बदलली, पाणी बदललं, स्वतःला शिव्या घातल्या. फरक शून्य. शेवटी तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर या दुधावरचं काम थांबवू. तीन महिने गेले असं समजा."

त्या मंगळवारी ती गेटवर गेली ती धुमसतच.

"दुधात पाणी घालता का?"

उत्तरेश्वरच्या गालावरची खळी विझली. "काहून विचारता?"

"आकडे खोटं बोलत नाहीत."

"मी बोलतो, असं म्हणायचंय का?" त्याने कॅन हळूच खाली ठेवला. "मॅडम, शेळी इकीन. पाणी न्हाई घालणार."

बुधवारी तो आला नाही. गुरुवारीही नाही. योगिता दोन्ही दिवस साडेसहालाच गेटवर जाऊन उभी राहिली. आपण उगाच बोललो हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण चूक झाली हे कळणं वेगळं आणि त्याच्यासाठी रस्त्यावरून नजर न हलणं वेगळं.

शुक्रवारी प्रयोगशाळेत दूध गाळून देणाऱ्या वनमालाबाई रिकामी गाळणी पुसत पुटपुटल्या, "पोरगं लई गुणाचं होतं. दुधात आठवणीनं कोळसा टाकून आणायचं."

योगिताने हातातली नळी बाजूला ठेवली. "काय टाकून?"

"कोळशाचा खडा. संक्रांतीपासून रोज. मी गाळून फेकून द्यायचे."

"मावशी, मला सांगितलं का नाही?"

"आता दूध घराबाहेर निघालं की दिष्ट लागू नये म्हणून टाकत्यातच की! त्यात सांगायचं काय?"

तासाभरात तिची स्कूटी त्याच्या वस्तीवर होती. उत्तरेश्वर शेळ्यांना पाला टाकत होता. तिला बघून त्याचा हात थांबला, मग तो पुन्हा पाला टाकू लागला. चुलीपाशी बसलेल्या त्याच्या आई, ताराबाई, तेवढ्या उठल्या.

"मी चुकले," योगिता उभ्या उभ्याच म्हणाली. "पाणी नव्हतंच. कोळसा होता. त्याची बारीक भुकटी दुधात उतरत होती."

"कोळसा?" उत्तरेश्वरने आईकडे पाहिलं. "आये, आपल्या दुधात कधी टाकलाय कोळसा?"

ताराबाई पदराशी चाळा करू लागल्या. "दुधासाठी न्हवं रे… तुज्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"संक्रांतीला तिळगूळ खाऊन आलास, तवापासून येड्यावानी हसतोस. इस्त्रीचा शर्ट काय, भांग काय! एवढं खुशीत जातंय लेकरू, कुणाची दिष्ट लागंल म्हणलं. तुज्या खिशात टाकला तर वरडशील, म्हणून कॅनात टाकला."

योगिताने मनाशी तारखा जुळवल्या. तिचा आलेख बिघडला होता तो संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून. पंधरा दिवस ती ज्या आकड्यांवर चिडत होती, ते एका माणसाचा आनंद मोजत होते, आणि तिने त्यालाच खोटं ठरवलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"आता आयेनंच सगळं सांगितलं," उत्तरेश्वर पायाने माती उकरत म्हणाला. "मला काय ऱ्हायलंच न्हाई."

"राहिलंय. तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलंय."

त्याने हातातली पाल्याची पेंढी खाली ठेवली. मग मान वर करून म्हणाला, "तुमी मला आवडता, योगिता. लई आवडता."

पहिल्यांदाच मॅडम नव्हतं. योगिताने चुलीच्या कडेचा एक विझलेला खडा उचलला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात टाकला. "दुधात नको. इथे असू द्या." आणि ताराबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

शनिवारच्या दुधाचे आकडे पहिल्यासारखे आले. सोमवारी सरांनी आलेख पाहिला, कोळशाची हकिकत ऐकली, मोठ्याने हसले आणि म्हणाले, "ते पंधरा दिवस वगळा, काम चालू द्या."

मंगळवारी उत्तरेश्वर सातला पाच कमी असताना गेटवर पोचला. खिशावर कोळशाचा हा भला मोठा डाग. वेणी घातलेली, टक्क जागी योगिता समोरच उभी होती.

"निरोप पोचला का?" त्याने हळूच विचारलं.

तिने कॅन घेतला, आणि कॅनबरोबर त्याची बोटंही धरून ठेवली.

"साडेसहापासून उभी आहे इथे. अजून किती बदलू?"