चाकावरची लाल रेघ

मला गोष्ट रचता येत नाही. आयुष्यभर गाड्यांची चाकं काढली आणि बसवली, तेवढंच येतं. त्यामुळे खाली लिहिलंय ते जसं घडलं तसंच आहे. तुम्हाला पटलं तर ठीक. नाही पटलं तरी माझं भांडण नाही. मला स्वतःलाच ते अजून नीट पटलेलं नाही.

लोक म्हणतात, असलं काही रात्री होतं.

हे भरदुपारी झालं. रविवार होता. माझंच गॅरेज. शटर अर्धं वर, ऊन आत आलेलं.

आमचं गॅरेज खाली आणि घर वर. काम करणारे आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको. बाई माणूस गॅरेजात, म्हणून सुरुवातीला लोक बघत राहायचे. नंतर तेच लोक आल्या आल्या विचारायचे, "वहिनी आहेत ना?"

आमच्याकडे स्पेसरचं काम बरंच यायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुणी गाडीला रुंद चाकं बसवतं आणि ती आतल्या बाजूला घासायला लागतात. मग चाकाच्या मागे एक जाड चकती घालून चाक थोडं बाहेर काढायचं. त्या चकतीला स्पेसर म्हणतात. काम साधं दिसतं, पण जिवावरचं आहे. चकती सपाट टेकली नाही किंवा नट ढिले राहिले, तर चालत्या गाडीचं चाक निखळू शकतं.

गाडी जॅकवर असेपर्यंत काम माझं. चाक काढायचं, मागचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढायचा, चकती बसवायची, चाक चढवायचं, नट हलके आवळायचे. मग गाडी खाली उतरवायची. आणि मी मागच्या नळावर हात धुवायला जायचो.

शेवटचं आवळणं तिचं.

ते चाक जमिनीवर टेकल्यावरच होतं. त्यासाठी एक वेगळा पाना असतो. हवा तेवढा जोर लागला की तो टक् असा आवाज करतो. मी उठायला वेळ लावला की ती म्हणायची, "अहो, सरका आता." मी सरकायचो. नळाखाली हात धरायचो आणि मागून आवाज यायचा. टक्. टक्. टक्.

सगळे नट झाले की ती आपल्या नेलपॉलिशची बाटली काढायची. लाल. प्रत्येक नटावरून चाकावर उतरणारी एक बारीक रेघ. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

एकदा एक टॅक्सीवाला हसला. "वहिनी, नखं रंगवायची सोडून नट रंगवताय?"

"नखं तुटली तर परत येतात," ती म्हणाली. "जा, बाजारापर्यंत चक्कर मारून या. आल्यावर परत आवळणार आहे."

"परत? मला घाई आहे हो."

"मग चकत्या काढून ठेवते. मोकळे जा."

तो गुपचूप चक्कर मारून आला.

गेल्या वर्षी ती गेली. पोटाचा आजार. कळलं तेव्हा उशीर झाला होता. शटर ओढलं ते ओढलंच. वर घरात बसायचो. कुणी जेव म्हटलं तर जेवायचो.

मग त्या रविवारी लेक आणि जावई आले. छोटी नातही होती. जावयाने हौसेने रुंद चाकं घातली होती आणि पुढची दोन्ही आतून घासत होती. चकत्या तो घेऊनच आला होता. मला वाटतं, काम हे निमित्त होतं. मला खाली उतरवायचं लेकीने ठरवलं होतं.

"बाबा, दुसऱ्या कुणाच्या हातात मी गाडी देणार नाही," ती म्हणाली. "संध्याकाळच्या आत घाट उतरायचाय आम्हाला. उठा."

उठलो.

जावयाने चकत्या पुढे केल्या. एका बाजूला दोन दोन.

"हे काय?"

"एकावर एक लावू या ना. चाक जरा जास्त बाहेर येईल. रुबाब वाटतो."

"जावईबापू, रुबाब घाटात काय कामाचा? एका बाजूला एकच. उरलेल्या दोन शोकेसमध्ये ठेवा."

लेक नवऱ्याकडे बघून हसली. "आई असती तर त्या तुमच्या डोक्यात घातल्या असत्या."

मी जॅक गाडीखाली सरकवला.

ते वर गेले. नातीला झोपवायचं होतं, चहा करायचा होता. मी एकटाच खाली राहिलो. हातांना काम आठवत होतं. गंज घासला, चकत्या बसवल्या, चाकं चढवली, नट हलके आवळले, गाडी खाली उतरवली.

आणि मी मागे नळावर गेलो.

साबण घेतला. पाणी सोडलं.

टक्…

मी बोटांच्या बेचक्या घासत होतो.

टक्… टक्…

खरं सांगतो, मला काहीही वेगळं वाटलं नाही. इतकी वर्षं त्या आवाजातच हात धुतले होते. उलट बऱ्याच महिन्यांनी बरं वाटत होतं. का बरं वाटतंय, हेही कळत नव्हतं.

टक्…

मग माझे हात थांबले.

आवळतंय कोण?

नळ बंद केला. आवाज थांबला नाही. मधे तेवढाच वेळ जात होता, जेवढा तिला एका नटावरून समोरच्या नटावर जायला लागायचा. कारण नट शेजारचे शेजारी आवळत नाहीत, समोरासमोरचे आवळतात. यात ती कधी चुकली नाही.

टक्…

मी ओल्या हातांनी धावलो. पळता पळता हाकही मारली. "अगं…"

आवाज बंद झाला.

गॅरेजमध्ये कुणी नव्हतं.

गाडी तशीच उभी. ऊन तसंच. डाव्या चाकाजवळ जमिनीवर तो पाना पडला होता. तो मी काढलाच नव्हता. तिच्यामागे त्याची पेटी कुणी उघडलीच नव्हती.

मग वास आला.

नेलपॉलिशचा. ताजा.

मी डाव्या चाकाजवळ बसलो. प्रत्येक नटावर लाल रेघ होती. बारीक, सरळ. एकीला बोट लावलं… बोट लाल झालं.

उजव्या चाकाकडे गेलो. तिथे एकही रेघ नव्हती.

पाना लावला. नट फिरला. बराच फिरला, तेव्हा कुठे टक् झालं. दुसराही तसाच. सगळेच. मी फक्त हलके आवळून हात धुवायला गेलो होतो, कारण पुढचं काम माझं नव्हतंच कधी. ती नाही, हे मला रोज उठता बसता ठाऊक होतं. हातांना ठाऊक नव्हतं.

हात धुऊन मी वर चहाला गेलो असतो. लेक निघाली असती. मागच्या सीटवर नात. आणि पुढे घाट.

मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

लेक कप घेऊन खाली आली. "बाबा, काय झालं? घामाने भिजलात." मग ती थबकली. नाक वर केलं. "हा वास…"

"तू आली होतीस खाली? आत्ता?"

"नाही. आम्ही वरच होतो सगळे." तिने चाकाकडे पाहिलं. खाली बसली. रेघांकडे बघत राहिली. कप तिने फरशीवर ठेवला. "बाबा, ही आईची रेघ आहे. तुम्हाला इतकी सरळ येत नाही."

आम्ही वर जाऊन कपाट उघडलं. बाटली तिच्या कपड्यांमागे, होती तिथेच होती. झाकण वाळून चिकटलेलं. पक्कड लावूनही उघडलं नाही.

उजवं चाक मी स्वतः आवळलं. जावयाला चक्कर मारून यायला लावलं. तो लगेच गेला. आल्यावर दोन्ही बाजू परत तपासल्या. डावीकडची एकही रेघ तुटली नव्हती.

ते सुखरूप पोचले. फोन आला.

माझ्या मनात मात्र एकच घोळत राहिलं. मी धावत यायला नको होतं. हाक मारायला नको होती. अर्धं काम टाकून ती कधी उठायची नाही. मी हात धूत बसलो असतो, तर तिने उजवं चाकही केलं असतं. तेवढा वेळ अजून ती इथे असती.

गॅरेज आता रोज उघडतो. स्पेसरची कामं घेतो. शेवटचं आवळणं मीच करतो, सगळं नीट, तिच्यासारखं. लोकांच्या जिवाशी खेळ नाही. पण प्रत्येक टक् ऐकताना आतून तुटतं. मी काम पुरं केलं की तिला यायला काही कारण उरत नाही.

म्हणून मी माझ्या स्वतःच्या गाडीला चकत्या लावल्या. गरज नव्हती. नट हलके आवळले, गाडी खाली उतरवली, मागे जाऊन हात धुतले.

काही नाही. नुसतं पाणी.

दुसऱ्या दिवशीही धुतले. त्यानंतरही. हातांची सालटी निघेपर्यंत धुतले.

हळूहळू लक्षात आलं. उभ्या गाडीला ती कशाला हात लावेल? त्या दिवशीची गाडी रस्त्याला लागणार होती.

परवा लेक आली होती. सवयीने तिने चाकांकडे पाहिलं.

"बाबा, तुमच्या गाडीला रेघा नाहीत."

"आवळायचंय अजून. राहून गेलंय."

"तुमचं राहून जातं?" ती माझ्याकडे बघत राहिली. "गाडी बाहेर काढत नाही ना?"

"नाही गं."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

ती गेली. मी गाडीची किल्ली कपाटात ठेवली होती. आज दुपारी ती काढली. उगीच. नुसती हातात धरावी म्हणून.

आणि हे लिहायला बसलो, तेव्हा वास यायला लागला…

बाटलीचा.

कपाट बंद आहे. घरात मी एकटा आहे.

किल्ली टेबलावर ठेवली. वास गेला.

बराच वेळ बसलो. कसलाच वास नाही. खाली गॅरेजमध्येही सगळं शांत.

मग किल्ली परत उचलली…

वास परत आला. आता अगदी जवळून येतोय. शेजारी कुणी टेकून उभं असावं, तसा.

लेकीची शपथ घेतली आहे. मी गाडी काढणार नाही.

पण किल्ली अजून खाली ठेववत नाहीये.