आठ नंबरचा बिल्ला

भुताखेतांनी रात्रीच हिंडावं असा काही नियम नाही. सिराजुद्दीन चौगुल्याच्या वाट्याला जे आलं ते दिवसाढवळ्या, गुरुवारी दुपारी आलं. तेही बायको आणि मुलीला घेऊन मासळी आणायला निघालेला असताना.

सिराजची कंपनी अल-खोबरपासून पंचेचाळीस किलोमीटरवर, ओसाड वाळूत. एका तारेच्या कुंपणाच्या आत कारखाना, गोदामं आणि कामगारांचे ब्लॉक. दर गुरुवारी खोबरच्या मासळीबाजारात जायचं, सुरमई घ्यायची, समुद्रावर मुलीला थोडं हिंडवायचं आणि परत यायचं, हा त्या घरातला सण. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा माणूस सौदीत आला म्हणून काय झालं, ताज्या मासळीवाचून त्याचा आठवडा पुरा होत नाही. खतीजा मागच्या सीटवर मेहेकला घेऊन बसली होती. मेहेक आठ वर्षांची. तिला दम्याचा त्रास होता, म्हणून तिचा तो तोंडात मारायचा पंप कायम खतीजाच्या पर्समध्ये असे.

निम्म्या वाटेवर क्षितिज तपकिरी झालं. मग ते हलायला लागलं.

"अहो, ते काय?" खतीजाने विचारलं.

"धूळ आहे. काचा घट्ट लाव."

पाच मिनिटांत दुपार नाहीशी झाली. आधी सगळं पिवळं झालं, मग विटकरी, मग बोनेटच्या पुढचं काहीच दिसेना. वाळू पत्र्यावर सरसर आपटत होती. एसी बंद केला तरी तो कोरडा, मातकट वास गाडीत शिरलाच. आजूबाजूच्या गाड्या दिवे लुकलुकवत कडेला थांबल्या. सिराजही थांबला. शहाण्या माणसाने तेच करायचं असतं.

आणि मेहेक खोकायला लागली.

खतीजाने पंप काढला, तिच्या तोंडाला लावला, दाबला. एकदा, दोनदा. मग कानाशी नेऊन हलवला. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"अहो... संपलाय हा."

"दुसरा?"

"घरी. कपाटात."

मेहेकच्या छातीतून शिट्टी वाजत होती. दोन श्वासांच्या मधलं अंतर सिराज मोजत होता आणि ते त्याला मुळीच आवडत नव्हतं. घर बावीस किलोमीटर मागे, इस्पितळ तेवढंच पुढे. थांबलं तर मुलगी हातची जाणार हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"तुमची ती बत्ती लावा ना," खतीजा म्हणाली. "निदान मागचे तरी आपल्याला बघतील."

सिराजने खाली बघितलं. समोरच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेली ती लाल बत्ती दोन वर्षं पडून होती. "नाही," तो म्हणाला आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

त्या बत्तीचं आधी सांगायला हवं.

कंपनीत आगीच्या वेळी धावून जाणाऱ्या स्वयंसेवकांची एक टोळी होती. बारा जण, कुणी फिटर, कुणी वेल्डर. शहरातला बंब यायला पाऊण तास लागतो, तोवर हेच. प्रत्येकाच्या स्वतःच्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवायची एक फिरती लाल बत्ती असे. तिचे नियम होते. पहिला: बत्ती कुंपणाच्या आतच. फाटकाबाहेर ती लावलेली दिसली तर पोलीस गाडी उचलून नेतील. म्हणून फाटक आलं की चालवणाऱ्याने बत्ती काढून शेजारच्याच्या हातात द्यायची आणि त्याने ती मांडीवर पालथी धरायची. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. आगीशी जो पहिला पोहोचेल त्याने गाडी दाराकडे तोंड करून लावायची, बत्ती चालू ठेवायची, आणि आत गेलेला शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत ती विझवायची नाही. धुरात माणसाला दार दिसत नाही, लाल उजेड दिसतो. त्या उजेडाकडे चालत यायचं.

आत किती गेले हे कळायला प्रत्येक दाराबाहेर भिंतीवर खिळ्यांची पाटी होती. आत जाताना आपला पत्र्याचा बिल्ला खिळ्याला लावायचा, बाहेर आल्यावर काढायचा. पाटी रिकामी, म्हणजे सगळे सुखरूप.

सिराजचा बिल्ला सात नंबरचा. आठ नंबर बाबाजी परबाचा. बाबाजी मालवणकडचा वेल्डर. अकरा वर्षं दोघं एका खोलीत राहिलेले. पुढे खतीजा आली आणि सिराजला फॅमिली क्वार्टर मिळालं, तरी बाबाजीचं एक वेळचं जेवण त्यांच्याकडेच. मेहेकला पहिली सायकल त्यानेच पाइप जोडून करून दिली. दोघं एकमेकांचं सगळं करत. एकाने दुसऱ्याचा डबा उचलायचा, दुसऱ्याने पहिल्याचे कपडे दोरीवरून काढायचे. तसंच बिल्ल्यांचं. जो आधी बाहेर येई तो दोन्ही बिल्ले काढून खिशात टाकी. दुसरा पाठोपाठ असायचाच.

दोन वर्षांपूर्वी रंगाचं गोदाम पेटलं. सिराज पहिला पोहोचला. आत शिरताना बाबाजी नेहमीसारखं म्हणाला, "सिराज, बत्ती चालू ठेव हां. मी इलंयच." वीस मिनिटांनी सिराज खोकत बाहेर आला, सवयीने सात आणि आठ दोन्ही बिल्ले काढले आणि पाण्याच्या नळीकडे धावला. म्होरक्याने पाटी बघितली. रिकामी. "खलास! सगळे बाहेर!" तो ओरडला आणि सिराजने बत्ती विझवली.

बाबाजी दारापासून अकरा पावलांवर सापडला. तोंड दाराकडे होतं.

धुराने गुदमरला, असं कागदावर लिहिलं गेलं. बिल्ल्याचं सिराजने कुणालाच सांगितलं नाही. म्होरक्याला नाही, खतीजाला नाही. मालवणला बाबाजीच्या बायकोकडे, बायजाबाईकडे, त्याची पेटी आणि त्याची बत्ती पाठवली, तेव्हा पेटीत चिठ्ठी घालायला बसला आणि 'काळजी घ्या' एवढंच लिहून उठला. टोळीतून नाव काढून घेतलं. आपली बत्ती फडक्यात गुंडाळली. आठ नंबरचा बिल्ला त्या फडक्यातच राहिला.

तर गाडी आता रांगत होती. रस्त्याची पांढरी रेघ कधी दिसे, कधी नाही. मागे खतीजा दबल्या आवाजात दुआ म्हणत होती.

"दोन मिनिटं बोलत राहा तिच्याशी," सिराज म्हणाला. "झोपू देऊ नको."

तेवढ्यात पुढे काहीतरी लाल दिसलं.

कुणाच्या गाडीचे मागचे दिवे असते तर दोन असते. हा एकच होता, डॅशबोर्डच्या उंचीवर, फिरणारा. आणि त्याच्या फिरण्यात एक खोट होती. एक लांब उजेड, मग मध्येच डोळा मिचकावल्यासारखा तुटका. लांब, तुटका. लांब, तुटका.

सिराजने तो उजेड ओळखला. बाबाजीच्या बत्तीची काच एकदा तडकली होती. त्याने तिला एम-सील फासून सांधली होती, त्या काळ्या पट्टीमुळे उजेड असा मिचकावायचा. सगळे हसायचे. बाबाजी म्हणायचा, माझी बत्ती बायको बघून डोळा घालते.

"अब्बा..." मेहेकचा आवाज जेमतेम येत होता. "फॉलो हिम."

"कुणाला, बाळा?"

"द अंकल... ही इज वेव्हिंग."

सिराजला हात दिसत नव्हता. गाडीही दिसत नव्हती. फक्त तो उजेड. त्याला भीती वाटली. पण त्याहून मोठी भीती मागच्या सीटवर शिट्टीसारखी वाजत होती. तो उजेडामागे निघाला.

उजेड त्याच्या चालीने चालत होता. हा मागे पडला की तो थांबे. एका ठिकाणी, सरळ रस्ता सोडून, तो उजवीकडे वळला. तिकडे रस्ता असल्याचं सिराजला आठवत नव्हतं. क्षणभर त्याचा पाय ब्रेकवर गेला... मग त्याने चाक फिरवलं. कडेच्या कच्च्या वाटेवरून जाताना डाव्या हाताला, सरळ रस्त्याच्या ऐन मधोमध, काहीतरी काळं, आडवं दिसलं. उलटलेला ट्रेलर होता. त्याची चाकं अजून हळूहळू फिरत होती.

खतीजाने ते बघितलं आणि मेहेकचे डोळे हाताने झाकले.

इस्पितळाच्या उतारापाशी उजेड थांबला. आता तो पाठमोरा नव्हता. त्याने त्यांच्याकडे तोंड केलं होतं. सिराजने मेहेकला उचललं आणि त्या उजेडाकडे धावला. नेमकं पावलं मोजायचं त्याच्या मनात नव्हतं, तरी ती मोजली गेली. अकराव्या पावलाला काचेचं दार उघडलं आणि नर्सने मुलीला हातातून घेतलं. त्याने वळून बघितलं. मागे नुसती धूळ होती.

तासाभराने डॉक्टर म्हणाले, मुलगी ठीक आहे, रात्रभर इथे ठेवू. मेहेक तोंडाला मास्क लावून झोपली होती आणि तिची छाती शांतपणे वरखाली होत होती. सिराज तिच्या पायाशी बसून रडला. खतीजाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तो बाबाजीभाईच होता ना?" तिने एवढंच विचारलं. सिराजने मान हलवली.

मग त्याचा फोन वाजला. मालवणहून होता.

"भावजीनू," बायजाबाई हळू बोलत होती, शेजारी कुणी निजलं असल्यासारखी. "ह्येंची बत्ती पेटली हा."

"कधी?"

"साडेपाचाक." म्हणजे इकडचे तीन. धुळीचीच वेळ. "फोटोखाली ठेवलंय ती. वायर खंय लावलेली नाय. अजून फिरता हा. हात लावलंय तर गरम लागता."

सिराजला कळलं. मेहेक पोहोचली तरी बत्ती विझली नव्हती. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत विझवायचीच नसते.

"वहिनी," तो म्हणाला, आणि दोन वर्षं कुणालाच न सांगितलेलं ते बाहेर आलं. "त्याचा बिल्ला मी काढला होता. तो आत असताना. म्हणून सगळे बाहेर आले असं वाटलं... म्हणून मी बत्ती विझवली. माझ्यामुळे तो राहिला."

फोनमध्ये दूर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, मालवणचं.

"भावजीनू," शेवटी ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मगे आता जावा... आणि त्येंका भायर हाडा."

सूर्य बुडून मग्रिबची अजान झाली तेव्हा सिराज कुंपणाच्या आत, जळक्या गोदामासमोर उभा होता. वारा पडला होता, धूळ अजून हवेत तरंगत होती. गोदामाच्या भिंती काळ्या, दाराची चौकट नुसती. दोन वर्षांनंतरही रंगाचा तो करपट वास होता. त्याने गाडी दाराकडे तोंड करून लावली. फडकं सोडलं. बत्ती डॅशबोर्डवर ठेवली, लायटरच्या सॉकेटमध्ये वायर खुपसली. लाल उजेड दारातून आत शिरला.

भिंतीवरची पाटी जळून गेली होती, खिळे तेवढे राहिले होते. त्याने आठ नंबरचा बिल्ला त्यातल्या एका खिळ्याला लावला, जिथे तो त्या दिवशी राहायला हवा होता. मग गाडीत येऊन बसला. मालवणला पुन्हा लावलेला फोन चालू होता. बायजाबाईचा श्वास ऐकू येत होता.

"बाबाजी," त्याने काच खाली करून हाक मारली. "बत्ती चालू आहे रे. ये..."

बिल्ला वाऱ्याने खिळ्यावर टणटण वाजत होता. बराच वेळ वाजत होता. मग थांबला.

गाडी किंचित कलली. आणि डॅशबोर्डवर टिंग-टिंग सुरू झालं. शेजारच्या सीटवर कुणी बसून पट्टा लावला नाही की गाडी ओरडते, तसं. सीटवर कुणी नव्हतं. सिराजने घाबरतच हात लांब केला, पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून आणून अडकवला. पट्टा सीटला टेकला नाही. मध्ये काहीतरी असल्यासारखा फुगून राहिला.

टिंग-टिंग थांबलं.

"भावजीनू..." फोनवर बायजाबाई रडत होती. "इझली."

सिराजने बत्ती विझवली. बिल्ला काढून घ्यायला म्हणून हेडलाइट भिंतीवर टाकले. खिळा रिकामा होता. ज्याचा बिल्ला होता त्यानेच तो काढला होता.

खतीजा आणि मेहेक इस्पितळात वाट बघत होत्या. त्याने गाडी हळू चालवली, खड्डे चुकवत, शेजारी दुखणाईत माणूस असल्यासारखी. धुराचा वास आता गाडीत होता, पण त्याला त्रास होत नव्हता. त्याला एवढंच वाटत होतं की काहीतरी बोलावं, आणि अकरा वर्षांच्या शेजाराला नवीन काय बोलणार? तो म्हणाला, "मेहेक बरी आहे. सुरमई मात्र राहिली."

फाटक आलं. त्याने नेहमीच्या सवयीने, समोर बघतच, डॅशबोर्डवरची बत्ती उचलली आणि उजवीकडे, शेजारच्या सीटपुढे धरली.

कुणीतरी ती त्याच्या हातातून अलगद घेतली.