सरासरीत न मावलेला पाऊस

निरंजनची आणि माझी ओळख भांडणाने झाली, आणि चूक पूर्णपणे त्याची होती.

श्रावणातली दुपार होती. चाकणच्या पुढच्या एका गावात, शाळेच्या गच्चीवर मी धापा टाकत पोचले, तर निळ्या शर्टातला एक उंच मुलगा आमच्या पाऊस गोळा करायच्या बाटलीवर छत्री धरून उभा. छत्रीच्या काडीवरून पाणी टपटप थेट नरसाळ्यात पडत होतं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"लेबलवरची शाई धुऊन चालली होती... म्हणून."

"लेबल पुन्हा लिहिता येतं. पाऊस पुन्हा पाडता येतो का?"

त्याने वर आभाळाकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग माझ्याकडे. ओठांतल्या ओठांत हसू दाबलं – तेही मला दिसलं. तो नमुना फेकून द्यावा लागला आणि घरी थेरगावला परतेपर्यंत मी स्कूटरवर एकटीच पुटपुटत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात तो माझ्या शेजारी येऊन बसला. चिंचवडच्या एका संस्थेने पर्यावरण तज्ज्ञांसाठी प्रशिक्षण सुरू केलं होतं – आम्लवर्षा कशी मोजायची आणि तिचा अर्थ कसा लावायचा. मी नुकतीच एमएस्सी झालेली. निरंजन लातूरकडचा, त्या शाळेला लागूनच असलेल्या कंपनीत पर्यावरण विभागात नोकरीला. त्याला कंपनीनेच पाठवलं होतं, आणि प्रशिक्षणाचा खर्चही तीच कंपनी करत होती. आम्हाला शिकवणाऱ्या कुसुमताईंनी शाळेच्या गच्चीचं केंद्र आम्हा दोघांवर सोपवलं. मी जोडीदार बदलून मागितला. ताई म्हणाल्या, पावसाला तुमचं भांडण कळत नाही.

मग सगळा श्रावण आम्ही त्या गच्चीवर काढला. पाऊस सुरू झाला की झाकण काढायचं, थांबला की लगेच लावायचं, नाहीतर रस्त्यावरची धूळ आत जाते. नरसाळ्याला आतून बोट लावायचं नाही. एकाच पावसाच्या दोन बाटल्या घ्यायच्या, म्हणजे एकीवरून दुसरीची खात्री पटते. निरंजन बाटल्या इतक्या हळुवार विसळायचा की मी त्याच्या हातांकडे बघत राहायचे... आणि त्याने मान वर केली की उगाच पावसाचा आंबटपणा मोजायच्या मीटरशी खेळायचे.

"कामून रागवायलीस?" तो विचारायचा. त्याच्या बोलीतला तो 'कामून' ऐकायला मिळावा म्हणून मी अधूनमधून खोटंच रागवायचे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला मीटर नीट धरता येत नाही म्हणून."

"मग धरून दाखव की."

मी दाखवलं. आमची बोटं एकमेकांना लागली आणि मीटरवरचा आकडा दोघांनीही वाचला नाही.

पण एका दुपारी तो वाचावाच लागला. स्वच्छ पाऊसही किंचित आंबट असतो, त्याचा पीएच साधारण साडेपाचच्या आसपास. आकडा जितका खाली, तितका पाऊस आंबट. आमच्या बाटलीत चार पूर्णांक दोन निघाला. दुसऱ्या बाटलीतही तेवढाच. त्यानंतरच्या पावसांतही तो फारसा वर आला नाही.

शाळेशेजारी गवराबाईंचं घर होतं. आम्ही काय मोजतो ते त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी परसातलं पालकाचं पान खुडून माझ्या हातात ठेवलं. पानभर तपकिरी डाग आणि भोकं होती.

"ठिणग्या पडल्यावानी झालंय बघ," त्या म्हणाल्या. "कुनाला दावायचं सांग? कंपनीत गेलं तर म्हनत्यात, कीड हाय."

माझं डोकं फिरलं. निरंजन मात्र शांतपणे म्हणाला, की डाग कशाने पडले हे आपण अजून सिद्ध केलेलं नाही. पाऊस आंबट आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे. त्याचं खरं होतं, आणि त्याचा मला आणखीच राग आला.

आकडे घेऊन आम्ही संस्थेच्या संचालकांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, कौतुक केलं, आणि प्रशिक्षणाच्या समारोपाला केंद्रांचे आकडे वेगवेगळे न दाखवता सगळ्यांची सरासरी दाखवा म्हणून सांगितलं. रावेत, चिखली, थेरगाव, सगळीकडचा पाऊस एकत्र केला की आकडा छान दिसत होता. मी विचारलं, गवराबाईंच्या परसात सरासरी पाऊस पडतो का? ते म्हणाले, शिकाऊ मुलांच्या आकड्यांवर एवढा भरवसा ठेवू नये, कुठेतरी हात लागला असेल. महिनाभर त्यांच्याच संस्थेने आम्हाला हात न लावायला शिकवलं होतं.

निरंजन त्या खोलीत एक शब्द बोलला नाही.

बाहेर जिन्यात मी त्याला अडवलं. "पगार कापला जाईल म्हणून गप्प बसलात?"

त्याचा चेहरा पडला. "रागाने आकडा पक्का होत नाही, जयमाला. परत मोजू. त्यांना बोट ठेवायला जागा राहणार नाही, असं मोजू."

मी तशीच निघून आले. आठवडाभर त्याचा फोन उचलला नाही. पण पुढचा पाऊस आला तेव्हा न राहवून गच्चीवर गेले, तर तो आधीच तिथे होता – आणि कुसुमताईंनाही साक्षीला घेऊन आला होता. आम्ही नवीन बाटल्या लावल्या. पाऊस संपेपर्यंत तिघंही हललो नाही. निरंजनने स्वतःचा रेनकोट ताईंना दिला आणि माझ्या शेजारी भिजत उभा राहिला. मी... फक्त थोडी जवळ सरकले.

चार पूर्णांक दोन.

समारोपाला संस्थेचं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत कंपनीचे मोठे साहेब, मागे गावची माणसं, त्यांत गवराबाई. मी सरासरी दाखवली आणि लगेच म्हणाले, "हा आकडा कुठल्याच गावातल्या पावसाचा नाही. आता एका गावचा खरा आकडा सांगते." आणि सांगितला.

कंपनीचे साहेब बसल्या जागी हसले. मुलं शिकाऊ आहेत, यंत्र नीट लावलं नसेल, असं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. "आमचाच माणूस होता यांच्याबरोबर. निरंजन, तुम्हीच सांगा."

निरंजन उभा राहिला.

"यंत्र नीट होतं, सर. दर वेळी मी स्वतः तपासलंय. आकडा बरोबर आहे. हे आपल्याच धुरांड्यामुळे होतंय का, ते मी आज सांगू शकत नाही. पण ते शोधायला आपणच नको म्हणतोय, एवढं सांगू शकतो."

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. कुसुमताई मात्र उठल्या आणि म्हणाल्या, की प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा छापला नाही, तर या अहवालावर माझी सही मिळणार नाही. गावकऱ्यांनी तिथेच अहवालाची प्रत मागितली. संचालकांचा नाइलाज झाला. अहवाल सगळ्या आकड्यांसकट निघाला, आणि धुरांड्यांची तपासणी व्हावी म्हणून ग्रामसभेने ठराव केला. तपासणी अजून व्हायची आहे. ती होईपर्यंत गच्चीवरचं केंद्र चालू ठेवायचं काम ताईंनी माझ्याकडे दिलं.

निरंजनची कंपनीने गुजरातच्या कारखान्यात बदली केली. मला हे दुसऱ्याच कुणाकडून कळलं. संतापाने मी जेवलेसुद्धा नाही. खरं बोलला म्हणून माणसाला उचलून लांब फेकतात, आणि हा निमूट जातो?

संध्याकाळी डांगे चौकात मी भाजी घेत होते. गर्दीतून तो आला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

"कधी निघताय?" मी त्याच्याकडे न बघता विचारलं.

"निघत नाही. राजीनामा दिला सकाळी. पिंपरीतल्या एका प्रयोगशाळेत काम मिळतंय... पगार कमी आहे."

मी भाजीवालीसमोरच त्याच्यावर उखडले. "एवढा मोठा निर्णय? मला न विचारता?"

तो गोंधळला. मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत, अगदी हळू म्हणाला, "तुला विचारायचा हक्क आहे का मला – हेच विचारायला आलोय."

भाजीवाली तराजू तसाच धरून आमच्याकडे बघत राहिली. माझे कान तापले होते, आणि या वेळी रागाने नाही.

"आहे," मी म्हणाले. "आणि हे विचारायला एवढा उशीर केलास, त्याचा राग वेगळा."