ओढलेला सूर

जरा जवळ सरका. मला आता मोठ्यानं बोलवत नाही, आणि साल सांगताना तर जीभ अडखळतेच. चौऱ्याहत्तर असावं. चूकही असेल, माझ्या आठवणीवर मीच फारसा विसंबत नाही. रात्र मात्र पक्की: कार्तिक अमावास्या, शुक्रवार. मानसिंगनं ती मला इतक्यांदा सांगितली की कधी कधी वाटतं, मीच तिथं होतो. नव्हतो.

मानसिंग उंब्रजचा. फौजेतून परतून ऊस करणारा. त्या दिवशी गुळाच्या ढेपा घेऊन तो ट्रकमधून सांगलीच्या पेठेत आला. रविवारी त्याचं आयुष्यातलं पहिलं रेकॉर्डिंग होतं. तोवर गंगाधरकडं राहायचं, तालीम करायची, असा बेत. गंगाधर ड्रम वाजवी, फलटणचा लालासाहेब गिटार आणि मानसिंग माउथ ऑर्गन. तिघांचा हौशी बँड. वाजवायचे ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी. गणपतीत एकदा वाजवलं तर मंडपातून कुणी ओरडलं, "कोन गेलं रं?"

ही विद्या मानसिंगला दिली नाथाजीनं. कवठे महांकाळचा, त्याच्याच पलटणीतला. साहेबांच्या मेसमधल्या तबकड्या ऐकून शिकलेला. दोन्ही हातांची ओंजळ करून तो बाजा तोंडाशी धरी आणि म्हणे, "फुकायचं न्हाई गड्या, ओढायचं. आत ओढलं की मगच सूर रडतोय."

एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. मानसिंग तेव्हा दुसऱ्या ठाण्यावर होता. नाथाजीनं बांधलेली एक चाल तेवढी त्याच्यापाशी उरली. रेकॉर्डिंगला तीच घ्यायचं ठरलं. मानसिंगची एकच अट: सुरुवातीला नाथाजीचं नाव घ्यायचं, चाल त्याची म्हणून सांगायचं. लालासाहेबाला चालीवर आपलं नाव हवं होतं. तरी तो हसून म्हणाला, "घेऊ की रं, घेऊ."

गंगाधरच्या घरी दार त्याच्या आईनं उघडलं.

"अगंबाई, मानसिंग! ते दोघं मघाशीच गेले की स्टुडिओत. तुझं गुऱ्हाळ सुरू आहे, तुला जमत नाही, म्हणाले."

"आवं काकू, रेकॉर्डिंग रविवारी हाय न्हवं?"

म्हातारीनं नजर चुकवली. पदराशी चाळा करत राहिली. तेवढ्यावरून मानसिंगला सगळं कळलं.

स्टुडिओ कापसाच्या जुन्या गोदामाच्या माडीवर. जिन्यातच त्याला ऐकू आलं. गिटार. ड्रम. आणि माउथ ऑर्गन. नाथाजीची चाल.

आपल्या जागी दुसरा आणला, त्याला वाटलं. पण ती ओढ... ती दोघांनाच येत होती: त्याला आणि नाथाजीला.

वर काचेमागं रेकॉर्डिस्ट एकटाच बसला होता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. काचेपलीकडं अंधूक दिवा, भिंतींना घोंगडी, मधोमध एकच माइक. कुणी माइकपासून किती लांब राहायचं, त्यासाठी जमिनीवर खडूची तीन वर्तुळं. दोहोंत लालासाहेब आणि गंगाधर. तिसऱ्यात, काचेकडं पाठ करून, एक उंच माणूस.

"मागाहून आला," रेकॉर्डिस्ट कुजबुजला. "दम बघा बुवाचा. नुसता आत ओढतोय. सोडतच नाही."

खरंच. सूर आत जात होता. आणखी आत. माणसाच्या छातीत एवढी जागा नसते...

लालासाहेबानं मान वर केली. गंगाधरनं मला पुढं सांगितलं, इतका वेळ दोघांना वाटत होतं, मानसिंगच आलाय, रागानं बोलत नाही. शरमेपायी त्याच्या तोंडाकडं दोघांनीही पाहिलं नव्हतं. आता मानसिंग काचेमागं दिसला. लालासाहेबानं वर्तुळाकडं पाहिलं. पुन्हा काचेकडं.

गिटार थांबली.

ड्रम थांबला.

सूर थांबला नाही.

मानसिंगनं काचेवर हात टेकला. "नाथा... तू बी? तू बी त्यांच्यासंगं?"

पाठ किंचित कलली. बाजा दिसला. एकाच हातात. डाव्या.

रेकॉर्डिस्टनं घाबरून यंत्र बंद केलं. वर्तुळ रिकामं होतं. त्या खोलीला दार एकच, तेही काचेला लागून, मानसिंगच्या बाजूलाच.

ती टेप मी ऐकली आहे. सूर आहे. श्वास सोडल्याचा आवाज... कुठंच नाही.

मानसिंग त्या दोघांशी पुन्हा कधी बोलला नाही. मला म्हणायचा, "त्यांनी फशिवलं, ते सोसलं मी. पन नाथा त्यांच्याकडनं वाजवतोय म्हनल्यावर मी जगलो नसतो. त्यो नाथा न्हवताच. नाथा दोनी हातांनी वाजवायचा." एवढ्या एका गोष्टीवर तो तगून होता.

पुढं कितीतरी वर्षांनी काही कामानं मी कवठे महांकाळला गेलो. जावं की न जावं करत नाथाजीच्या बहिणीचं, मनुबाईचं घर गाठलं. तिनं जे सांगितलं ते मी मानसिंगला आजवर सांगितलेलं नाही. पलटणीतल्या एकानं घरी येऊन फक्त तिलाच सांगितलं होतं. तिनं ते आईलाही कळू दिलं नव्हतं.

"जीव मागनं गेला," ती म्हणाली. "उजवा हात आधीच तुटला हुता. मनगटापासनं."